पाणी आटलं की कोणाचं फावतं?

साय-फायमधे पाणीटंचाई म्हटलं की भेगाळलेली जमीन, गॉगल लावलेली माणसं आणि धुळीत पळणाऱ्या गाड्या, बस. मला तर याचा आता कंटाळा आलाय. टंचाई नुसती मागच्या पडद्यावर रंगवायची असेल तर वाळवंटाऐवजी बर्फ दाखवा की, काय फरक पडतो?

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या वाळवंटी ग्रहावरच्या कादंबरीत (१९६५) तसं नाहीये. पिक्चर बघून लोक त्या अवाढव्य किड्यांबद्दलच बोलतात, पण खरी मेख अशी आहे की त्या किड्यांना पाणी म्हणजे विष, आणि ज्या स्पाइस नावाच्या मौल्यवान अमली पदार्थावर अख्खं साम्राज्य चालतं तो त्यांच्याच जीवनचक्रातून येतो, म्हणजे ग्रह हिरवा झाला की किडे गेले आणि किडे गेले की स्पाइस गेला. मग तो ग्रह कोरडाच राहिलेला बड्या लोकांना परवडतो! आणि तिथली फ्रेमेन माणसं मेलेल्याच्या अंगातलं पाणीसुद्धा काढून टोळीच्या साठ्यात जमा करतात. त्यांचा म्होरक्या स्टिलगार ग्रहाच्या नव्या कारभाऱ्यासमोर, म्हणजे ड्यूकसमोर, टेबलावर थुंकतो, ड्यूकची माणसं भडकतात, आणि मग कळतं की अंगातलं पाणी दिलं म्हणजे त्याने मान दिलाय. त्या एका थुंकीत सगळं आलं.

(फ्रेमेन घालतात तो स्टिलसूट, म्हणजे अंगातलं पाणी गोळा करून परत प्यायला देणारा पोशाख, मात्र मला पटत नाही. घाम उडून गेला तर अंग गार होणार ना, तो सूटमधेच अडकवला तर माणूस उकडून निघेल. असो.)

हर्बर्टला हे सुचलं ते ओरेगॉनच्या किनाऱ्यावर. १९५० च्या दशकात तिथे सरकारी खातं गवत लावून सरकती वाळू थोपवत होतं. ते बाहेरून आणलेलं गवत पुढे इतकं माजलं की आता मूळच्या वाळूच्या टेकड्या वाचवायला तेच उपटावं लागतंय. कादंबरीत असं लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीही हं!

पण मला सगळ्यात जास्त टरकवलं ते पाओलो बाचिगालुपीच्या 'द वॉटर नाइफ' या कादंबरीने (२०१५). कोलोरॅडो नदी आटत चाललीये आणि माणसं मरतायत कशासाठी, तर पाण्याच्या हक्काच्या जुन्या कागदांसाठी. ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, बाकीच्यांनी बघत बसायचं. हा नियम लेखकाच्या डोक्यातला नाही बरं का, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत खरंच असं चालतं. कोलोरॅडोच्या १९२२ च्या करारात नदीच्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उंच पाणी) पाणी वाटलं, तेही नेमके चांगल्या पावसाच्या वर्षांचे आकडे धरून! कागदावर नदी मोठी, पात्रात छोटी. एवढी भन्नाट कल्पना परग्रहावरच्या गोष्टीतपण क्वचितच सापडते.

ज्यांना फक्त मारामारी हवीये त्यांनी 'ड्यून'च्या शेवटी असलेलं पर्यावरणाचं परिशिष्ट खुशाल सोडून द्या. बाकीच्यांनी मात्र तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. ग्रह हिरवा करायला किती वेळ लागेल, असं फ्रेमेन विचारतात, तर तिथला पर्यावरणतज्ज्ञ काइन्स सरळ सांगतो, ३०० ते ५०० वर्षं. आणि ते लोक कामाला लागतात!