अंधारबन आणि दोन बटाटे

अंधारबनाचा ट्रेक तसा अवघड नाही. पिंपरीला गाडीतून उतरायचं, कुंडलिकेच्या दरीच्या काठाने गर्द रानात शिरायचं, ओढे ओलांडायचे, हिर्डीला पोटात काहीतरी ढकलायचं आणि दिवस मावळायच्या आत भिऱ्याच्या धरणापाशी उतरायचं. तेराएक किलोमीटर, त्यात बराचसा उतार. अवघड आहे ते एवढंच की संध्याकाळी माणूस भिऱ्याला असतो आणि त्याची गाडी पिंपरीला. पिंपरी पुणे जिल्ह्यात, वर घाटमाथ्यावर. भिरा रायगडात, खाली कोकणात. मधे अख्खा ताम्हिणी घाट.

आम्ही नऊ जण, गाड्या दोन. मंगळवारी रात्री जेवणं उरकल्यावर मेहुण्याने टेबलावर दोन बटाटे ठेवले. "या गाड्या." लसणीच्या नऊ पाकळ्या ओळीने मांडल्या. "ही आपण." वरणाचं रिकामं पातेलं भिऱ्याचं धरण झालं आणि लोणच्याची बरणी पिंपरी.

"आधी दोन्ही गाड्या भिऱ्याला न्यायच्या. एक तिथे ठेवायची आणि दुसरीतून सगळ्यांनी पिंपरीला जायचं."

"एका बटाट्यात नऊ पाकळ्या?" बायकोने विचारलं.

मेहुणा थोडा वेळ बटाट्याकडे बघत राहिला. मग सात पाकळ्या बरणीपाशी ठेवल्या आणि दोन ड्रायव्हर दोन्ही बटाटे घेऊन घाट उतरले. एक बटाटा पातेल्यापाशी ठेवून दुसऱ्यातून परत वर आले. तोवर सात पाकळ्या पावसात चहा पीत उभ्या. बरं, चालून भिऱ्याला पोचल्यावर गाडी पुन्हा एकच. म्हणजे त्याच दोघांनी ओल्या कपड्यांत पुन्हा घाट चढून दुसरी गाडी आणायची. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी नदीपार नेणारा तो कोड्यातला माणूस सुखी म्हणायचा. त्याला निदान पार्किंग शोधायचं नव्हतं.

ड्रायव्हर कोण, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग चुलतभावाने तोड काढली. अर्ध्यांनी पिंपरीहून उतरायचं, अर्ध्यांनी भिऱ्याहून चढायचं, मधे हिर्डीच्या देवळात भेटून चाव्यांची अदलाबदल करायची. अगदी सोयरीक जमल्यासारखं! भिऱ्याहून चढणार कोण, म्हटल्यावर मात्र सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले. शिवाय मेहुण्याच्या हातात चावी द्यायची म्हणजे जोखीमच. मागे एकदा एका गडावर त्याने चावी "सुरक्षित राहावी" म्हणून ज्या सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती, ती सॅक त्याच गाडीच्या डिकीत होती.

"तुम्ही भिऱ्यापर्यंत जाताच कशाला?" बायकोने पातेलं उचलून घासायला टाकलं. धरणच गेलं. "हिर्डीपर्यंत जा, भाकरी खा, आल्या वाटेने परत या. गाड्या जिथल्या तिथे."

टेबलावर शांतता पसरली. एवढ्या साध्या उत्तराने आम्ही दुखावलो होतो. "पण मग अंधारबन पूर्ण केलं असं म्हणता येणार नाही," मेहुणा शेवटी म्हणाला. दीड तास घालवून मिळालेला हा एकच मुद्दा. तो आम्ही सोडायला तयार नव्हतो.

बाकीची तयारी मात्र चोख झाली. धपाटे कोणी आणायचे, शेंगदाण्याची चटणी कोणी, ओढ्यासाठी दोर कोणाचा. ओढ्याची मला खरोखरच धास्ती आहे. वर कुठेतरी सर कोसळते आणि गुडघाभर पाणी बघता बघता कमरेला लागतं. समोर ऊन असलं तरी. म्हणून परत फिरायची वेळ ठरवा, असं मी तीनदा बजावलं. तिन्ही वेळा अंगठे आले. वेळ आली नाही.

शुक्रवारी दुपारी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला आणि पाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश. पूर्वी कलम १४४ असायचं, आता १६३ असतं. चुलतभावाने आम्हाला हा फरक नीट समजावून सांगितला, जणू १४४ असतं तर तो गेलाच असता. ओढ्याला पाणी नसताना जायची कोणाला हौस नाही आणि पाणी आलं की जाऊ देत नाहीत, यावर मेहुण्याने लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. मी तो ऐकला नाही, पण मनातल्या मनात कलेक्टरांचे आभार मानले. घाट चार वेळा मलाच करायचा होता.

रविवारी पाऊस धो धो कोसळला. बायकोने दोन्ही गाड्या चिरल्या, नऊच्या नऊ जणांना ठेचून फोडणीत टाकलं आणि भाजी छान झाली होती. मेहुण्याने दोनदा घेतली.