मालकाच्या पुतण्याला चिठ्ठी लागत नाही

सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहूनच टाकते. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

माझा जुना आयफोन आईला दिला. तिचा आधीचा फोन पार गेला होता, चार्जिंगला लावला की तापायचा. काल रात्री हा रीसेट केला आणि आज चहा झाल्यावर तिच्या शेजारी बसून एकेक ॲप टाकून देत होते. पहिलं ॲप उघडलं आणि मधोमध चौकट आली. ह्या ॲपला तुम्ही दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप्सवर आणि वेबसाइटवर काय करता ते ट्रॅक करायचंय, करू द्यायचं का? आईला म्हटलं, अगं तुझ्यावर पाळत ठेवू का विचारतायत. "पाळत? नको गं बाई." बरोबरच बोलली. रेसिपीचं ॲप, तीच चौकट, नको. पंचांगाचं, नको. मग ॲपलचं स्वतःचं ॲप स्टोअर उघडलं तर तिथे वेगळीच चौकट, आणि तिची भाषा एकदम गोड. तुमच्या आवडीनुसार जाहिराती दाखवल्या की उपयोगाची ॲप्स सापडायला मदत होते, आम्ही तुमची प्रायव्हसी जपतो, वगैरे. ट्रॅक हा शब्द कुठेच नाही. आईला हेही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे कंपनीचंच आहे ना? मग त्यात काय विचारायचं, चालू कर."

त्यात काय विचारायचं. हे वाक्य मी तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ऐकलंय, शब्दन् शब्द हेच, आणि तेव्हा आमच्या घरातली चूल त्या वाक्यामुळे दोन महिने नीट पेटली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचे आण्णा पेंटर होते, भिंतीवरच्या जाहिराती आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. बाजारपेठेत एक दोन मजली लांबलचक इमारत, खाली दुकानं, वर भाडेकरू, आणि तिची रस्त्याकडची भिंत म्हणजे गावातली सगळ्यात भारी जागा, कारण एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जायचा. साबण, बियाणं, सिमेंट, तंबाखू, सगळ्यांना तीच भिंत हवी. आण्णा तिथे वर्षानुवर्षं काम करायचे. दोरी निळीत बुडवून भिंतीवर ताणायची, मधे धरून ओढून सोडायची, फट्ट आवाज आणि सरळ निळी रेघ. दोरीचं दुसरं टोक मी धरायचे. मग त्या दोन रेघांमधे अक्षरं.

एका वर्षी मालकाने नियम काढला. भिंतीवर परांची बांधायची असेल तर पेंटरने वरच्या प्रत्येक भाडेकरूची सही आणायची, आणि सही कशावर, तर मालकाने छापून घेतलेल्या चिठ्ठीवर. चिठ्ठीत लिहिलेलं, की बाहेरचा पेंटर परांचीवर उभा राहून तुमच्या खिडकीतून घरात डोकावू शकतो, ह्याला तुमची हरकत नाही ना? आता सांगा, कुठली बाई ह्यावर सही करेल?

मी स्वतः गेली बारा वर्षं छोट्या दुकानदारांच्या मोबाइलवरच्या जाहिराती लावून देते, म्हणजे आण्णांचाच धंदा, फक्त भिंत बदलली. त्यामुळे हा विषय माझ्या पोटाचा आहे हे आधीच सांगते, नंतर कुणी कमेंटमधे सांगायला नको. आणि ह्या नव्या भिंतीच्या मालकाची, म्हणजे आयफोन बनवणाऱ्या ॲपलची, गोष्ट जुनी आहे, ही चौकट आली त्या २०२१ ची नाही. २०१० सालापासूनची आहे.

तेव्हा आयफोनच्या ॲप्समधे जाहिराती लावणारी ॲडमॉब नावाची कंपनी जोरात होती. ॲपललाही ती हवी होती, गूगलने ७५ कोटी डॉलर मोजून आधी उचलली. हे मी मनचं सांगत नाही, ॲपलचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह जॉब्स ह्यानेच एप्रिल २०१० मधे स्टेजवरून सांगितलं होतं की आम्हाला घ्यायची होती, गूगलने हिसकावली. मग ॲपलने क्वाट्रो वायरलेस नावाची दुसरी कंपनी घेतली आणि आयॲड नावाने स्वतःचं जाहिरातींचं दुकान काढलं. इथवर काहीच वाईट नाही, धंदा आहे. पण त्याच सुमारास ॲप बनवणाऱ्यांच्या करारात कलम आलं, की फोनमधली माहिती जाहिरात कंपनीला द्यायची तर ती कंपनी स्वतंत्र हवी, मोबाइल किंवा मोबाइलची सिस्टिम बनवणाऱ्या कुणाच्या मालकीची नको. ॲपल सोडून. म्हणजे नाव न घेता ॲडमॉबला दार बंद. आणि कारण काय दिलं? लोकांची माहिती जपायची. बोंबाबोंब झाली आणि सप्टेंबरमधे ते कलम सैल केलं, पण आयॲडवर जाहिरात करायची तर सुरुवातीला किमान १० लाख डॉलर लागायचे. १० लाख डॉलर! कुठला दुकानदार आणणार? २०१६ च्या जूनअखेर ते दुकान बंदच केलं त्यांनी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे ॲप स्टोअरच्या सर्चमधे जाहिराती सुरू केल्या. आज आईने पंचांग शोधलं तेव्हा सगळ्यात वर जे भलतंच ॲप आलं, ते हेच.

तर मालकाचा पुतण्या. नियम आला आणि महिन्याभरात पुतण्याने पेंटिंगचं दुकान टाकलं, पैसे काकाचे. तो परांची बांधून मजेत भिंत रंगवतोय आणि त्याच्याकडे चिठ्ठी नाही. आण्णांनी वरच्या मजल्यावर एकाला विचारलं की ह्याने तुमची सही घेतली का हो. तर तो गृहस्थ म्हणाला, "मालकांचाच पुतण्या, त्यात काय विचारायचं!" हे ते वाक्य. मी जिन्यात निळीची दोरी हातात गुंडाळून उभी होते आणि आण्णांनी वर बघितलंच नाही, जिना उतरले तसे सरळ घरी आले.

आता तुम्ही म्हणाल की बाई, पाळत ठेवतात हे तर खरंच आहे ना. आहे, शंभर टक्के आहे. प्रत्येक आयफोनला जाहिरातींसाठी एक वेगळा नंबर असतो. तुम्ही एका ॲपमधे चप्पल बघता, दुसऱ्यात बातमी वाचता, तिसऱ्यात गेम खेळता, आणि तो नंबर धरून कुठे तरी कुणी तरी तुमची वही भरत असतं, तुम्हाला पत्ता नसतो. २६ एप्रिल २०२१ पासून ॲपलने सांगितलं की ह्या चौकटीत होकार आला तरच नंबर मिळेल, नाही तर नुसते शून्य. मला विचाराल तर हे व्हायलाच हवं होतं. आणि हेही कबूल करते की त्या इमारतीत एकदा एक पेंटर खरोखर डोकावला होता, दुसऱ्या गावचा, लोकांनी त्याला खाली ओढून चोपला होता. मालकाने नियम हवेतून काढला नव्हता. आण्णासुद्धा म्हणायचे, नियम बरोबर आहे.

पण नियम बरोबर आहे म्हणून पुतण्याला सूट बरोबर ठरत नाही! एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या लोकांना कळत नाही ह्याचा मला राग येतो. ॲपलचं म्हणणं, आम्ही फक्त आमच्याच ॲप्समधली माहिती वापरतो, बाहेरच्या कंपनीच्या माहितीशी जोडत नाही, म्हणून आमचं ते ट्रॅकिंगच नाही. असेल. पण ट्रॅकिंग कशाला म्हणायचं हे ठरवलं कुणी? तुम्हीच. फोन तुमचा, दुकान तुमचं, चौकटीतले शब्द तुमचे, आणि त्या शब्दांतून सुटणारेही तुम्हीच. आणि पहिले काही महिने तर जाहिरातींसाठी गोड चौकटसुद्धा नव्हती, सेटिंग आधीपासून चालूच असायचं. फ्रान्सच्या प्रायव्हसीवाल्या सरकारी संस्थेने ह्याच कारणासाठी त्यांना ८० लाख युरो दंड लावला, जानेवारी २०२३ मधे तो जाहीर झाला. बघा म्हणजे, लोकांची माहिती जपतो म्हणून ज्यांनी जगाला शिकवलं त्यांना.

फेसबुकची बाजू घेते असं समजू नका, मी हे फेसबुकवर लिहितेय तरीही. फेसबुक काही धुतल्या तांदळासारखं नाही. व्हॉट्सॲपची माहिती जाहिरातींसाठी वापरायचा हट्ट धरला म्हणून आपल्याकडच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मधे मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड केला, आणि चांगलं केलं. ॲपलच्या चौकटीमुळे २०२२ मधे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल असं मेटाने स्वतःच सांगितलं होतं, मला त्यांच्यासाठी एक टिपूस आलं नाही. डिसेंबर २०२० मधे अमेरिकेतल्या मोठमोठ्या पेपरांत त्यांनी पानभर जाहिराती दिल्या, की आम्ही छोट्या धंदेवाल्यांसाठी उभे आहोत. छोट्यांना पुढे करून स्वतःचा धंदा वाचवायचा, हेही मला नवीन नाही. साबणाच्या कंपनीचा माणूसही तेव्हा आण्णांना म्हणाला होता की मालकाशी तुम्ही भांडा, आम्ही मागे आहोत. आण्णा भांडायला गेले तेव्हा मागे कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात साबणाचं काम पुतण्याकडे.

ह्यात मरतं कोण ते नीट बघा. गूगल-फेसबुकला स्वतःचंच एवढं मोठं अंगण आहे की बाहेरची माहिती तुटली तरी ते तगतात. मरतो तो फुकट ॲप देणारा पोरगा, ज्याला जाहिरातीचे चार पैसे मिळायचे. मरतो छोटा प्रकाशक. मार्च २०२५ मधे फ्रान्सच्या स्पर्धा आयोगाने ॲपलला १५ कोटी युरो दंड केला, तेव्हा त्यांनीही हेच म्हटलं. चौकटीचा हेतू वाईट नाही, पण ज्या पद्धतीने ती लादली ती गरजेची नव्हती, हेतूच्या मानाने जाच जास्त, आणि फटका छोट्यांना जास्त. तिथे तर ॲपवाल्यांना युरोपच्या कायद्याप्रमाणे स्वतःची परवानगी वेगळी घ्यावी लागते, त्यावर ही चौकट. नाही म्हणायला एकदा, हो म्हणायला दोनदा. आणि ॲपलच्या स्वतःच्या जाहिरातींना एकच गोड चौकट. इतरांच्या ॲप्सवरची ती ट्रॅकिंगची चौकट वाचल्यावर मला आमची छापील चिठ्ठीच आठवली हो.

दंडाचं ठीक आहे, ॲपलला १५ कोटी युरो म्हणजे काहीच नाही. पण कुणी तरी अधिकृत कागदावर लिहिलं की हे चुकीचं आहे. आमच्या गावात तेवढंही कुणी लिहिलं नाही.

इतका वेळ रागात टाइप करतेय, पण खरं म्हणजे मला एक प्रसंग सतत दिसतोय. मालकाशी भांडून काही होईना तेव्हा आण्णा एका रविवारी चिठ्ठ्या घेऊन वर गेले, मला घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. कोपऱ्याच्या खोलीत एक काकू राहायच्या, दोन मोठ्या मुली, नवरा बाहेरगावी नोकरीला. आण्णांना पंधरा वर्षं ओळखायच्या. उन्हाळ्यात परांचीवर पाण्याचा तांब्या द्यायच्या खिडकीतून, त्याच खिडकीतून. त्यांनी चिठ्ठी वाचली, परत वाचली, दारात उभ्या उभ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही नाही हो तसे. पण असं लिहिलेलं असल्यावर सही कशी करू?"

आण्णा म्हणाले, "नका करू वहिनी, बरोबर आहे तुमचं." आणि खरंच बरोबर होतं. त्या बाईची काय चूक? माझ्या आईची आज काय चूक? पाळत ठेवू का विचारल्यावर माणूस नकोच म्हणणार, म्हणायलाच पाहिजे. माझं भांडण त्या नकोशी नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे की पुतण्याच्या हातातही हीच चिठ्ठी द्या, हेच शब्द, ह्याच आकाराचं अक्षर, आणि मग त्यालाही वरच्या मजल्यावर जाऊन त्या दारात उभं राहू दे.

मी आईला आण्णांची आठवण करून दिली. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे हे पुतण्याचं होय? मग बंद कर."

बंद केलं. तुम्हालाही करायचं असेल तर सेटिंग्जमधे जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. इतरांचं ट्रॅकिंग वरच सापडेल. ॲपलच्या स्वतःच्या जाहिरातींसाठी खाली जा, अजून खाली, ॲपल ॲडव्हर्टायझिंग म्हणून आहे, त्यात पर्सनलाइज्ड ॲड्स. आईच्या फोनवर ते शोधायला मला चष्मा लावावा लागला. तुमच्या आईचाही फोन बघा.