गप्प होते म्हणजे खूश होते?

रविवारी सकाळी मामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "आणीबाणीत सामान्य माणूस सुखी होता. गाड्या वेळेवर, भाव उतरलेले, बाबू दहाच्या ठोक्याला खुर्चीत. म्हणूनच कोणी रस्त्यावर उतरलं नाही. आत गेले ते फक्त राजकारणी." खाली चार अंगठे, त्यातला एक कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मामेबहिणीचा! मामा १९७५ मध्ये तिसरीत होते, तरी शेवटी "डोळ्यांनी पाहिलंय" आहेच.

गाड्यांचं आधी उरकते. धावल्या असतील वेळेवर. पण वर्षभर आधी, मे १९७४ मध्ये, रेल्वे कामगारांनी देशभर संप केला होता. तो कसा मोडला, किती जणांना आत टाकलं आणि किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, हे प्रत्येक गँगमनला ठाऊक होतं. त्यानंतर कोण कशाला तोंड उघडेल?

भाव उतरले होते, हे मान्य करावं लागतं. १९७५ चा पाऊस चांगला झाला, आणि महागाईला लगाम घालायचे उपाय ७४ पासूनच सुरू होते. पण ७५ मध्येच किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, ते मेसेजवाला सोयीने विसरला.

डोकं फिरलं ते "म्हणूनच कोणी उतरलं नाही" या वाक्याने. आमचे अण्णा तालुक्याच्या शाळेत मास्तर. १९७६ मध्ये मास्तरांच्या मागे नसबंदीच्या 'केसेस' आणायचं काम लागलं. अण्णांच्या दोन केसेस कमी पडल्या आणि त्या महिन्याचा पगार अडकला. आईने वाण्याकडे वही वाढवली. दुसऱ्या दिवशी अण्णा एका शेतमजुराच्या ओट्यावर जाऊन बसले. तास झाला तरी विषय काढवेना, शेवटी चहा पिऊन परत आले. हा माणूस खूश होता? आतून धुमसत होता. पण उतरायचं म्हटलं तरी कोणाबरोबर? शेजारच्या वर्गावरच्या मास्तरांच्या मनात काय आहे हे कळायचीच सोय नव्हती. पेपरवर सेन्सॉर, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे पावसापाण्यावर बोलायचे.

नुसत्या रागाने कोणी उतरत नाही. आपल्याबरोबर आणखी किती उतरतील, याचा अंदाज लागतो तेव्हा उतरतो. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगचं बघा, तिथे लोक कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उतरले होते. सप्टेंबर १९८९ च्या सुरुवातीला सोमवारच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर जेमतेम हजारभर माणसं होती. ९ ऑक्टोबरला सत्तर हजार! बाकीचे काय तोवर सुखात होते आणि पाच आठवड्यांत दुःखी झाले?

राहिलं "फक्त राजकारणी". आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात मिसा (खटल्याविना डांबून ठेवायचा कायदा) आणि भारत संरक्षण नियमांखाली आत टाकलेल्यांचा आकडा १ लाख १० हजारांच्या वर आहे. एवढे राजकारणी या देशातसुद्धा नाहीत. लेखिका दुर्गा भागवत कुठल्या पक्षाच्या होत्या? कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून इंदिरा गांधींचे विरोधक जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली, तेही स्वागताध्यक्ष इंदिराबाईंच्याच मंत्रिमंडळातले यशवंतराव चव्हाण असताना. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. मामींच्या कपाटात त्यांची पुस्तकं आहेत, मामांनी एकदा उघडावीत.

आणि ज्याला लोक खूश होते असं वाटतं, त्याने मार्च १९७७ चा निकाल काढून बघावा. पडद्याआड, एकट्याने शिक्का मारायचा होता, शेजाऱ्याचा अंदाज घ्यायची गरज नव्हती. उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या. नऊ महिन्यांपूर्वी हीच माणसं मुकाट रांगेत उभी होती. आता मामा म्हणतील, आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसलाच मिळाल्या. मिळाल्या. तिथे आणीबाणीचा जाच उत्तरेइतका नव्हता, तेवढ्यापुरता मेसेज खपेल. आपल्या महाराष्ट्रात ४८ पैकी २०. त्याला काय म्हणायचं ते मामांनी ठरवावं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासाने मामांचं उत्तर आलं, "पगाराचं दाजी मला कधी बोलले नाहीत."

मलाही नाही बोलले. ते गेल्यावर आईने सांगितलं.