जीए, डेला आणि मावशीचा मेसेज

फेब्रुवारीत पिंपळगावच्या रस्त्याला द्राक्षांच्या गाड्या लागल्या की आमच्या नाशिकच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो: “द्राक्षांना हार्मोनचं इंजेक्शन देतात. ते थेट आपल्या पेशीच्या केंद्रकात शिरतं, म्हणून मुलींना लवकर पाळी येते.” यंदा तो मावशीनेच टाकला. माहेर निफाडचं, बागेत वाढलेली बाई!

इंजेक्शन कसलं? मणी ज्वारीएवढा झाला की घड मगातल्या पाण्यात बुडवतात. डिपिंग. लिटरला साधारण ४० मिलिग्रॅम जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड), म्हणजे १ ग्रॅमची पुडी २५ लिटरला. पूड पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये कालवावी लागते. मावशीने हे शंभरदा केलंय.

जीए हे झाडांचंच संप्रेरक, जिबरेलिन गटातलं. मण्यातलं बी ते पुरवतं. थॉमसन या द्राक्षाच्या जातीत बी धरत नाही, मणी बारीक राहतो, म्हणून वरून द्यायचं. मोड येताना मटकीही जिबरेलिन बनवते. मिसळ खाताना कुणी घाबरत नाही.

आता ते ‘थेट केंद्रकात’. द्राक्षाच्या पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीच्या जनुकांना दाबून बसलेली असतात. जीए आत येऊन जीआयडी१ या ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, ही जोडी डेलाला पकडते, मग पेशीच डेलाचे तुकडे करते. जनुकं मोकळी, मणी फुगतो. (आपल्या बुटक्या गव्हात डेला असा बदललाय की जीएला दादच देत नाही, म्हणून तो उंच वाढून लोळत नाही.) माणसाच्या पेशीत जीआयडी१ नाही आणि डेलाही नाही. मग जीए तिथे कुणाला भेटणार?

पाळीचा निरोप निघतो मेंदूतून. तिथलं जीएनआरएच हे संप्रेरक मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशीबाहेरच थांबतं, पृष्ठभागावरच्या ग्राहीला लागतं. आत कॅल्शियम वाढतं आणि एलएच, एफएसएच ही पुढची संप्रेरकं सुटतात. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं. ते मात्र खरंच पेशीत शिरून, स्वतःच्या ग्राहीला धरून, जनुकांपर्यंत जातं. मेसेजमधला खरा भाग एवढाच, आणि तोही दुसऱ्याच हार्मोनचा.

‘गोडीही औषधाचीच’ असं खाली लिहिलं होतं. साखर पानं बनवतात. जीए जास्त झालं तर साल जाड होते आणि व्यापारी नाक मुरडतो.

बुरशीनाशकांचे अंश हा वेगळा प्रश्न, तो जरूर विचारा. हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर मावशीचं उत्तर आलं: “बरं. पण नातीला धुऊनच देईन.”

धुऊनच दे, मावशी.