पाणटिवळा नांदूरमध्यमेश्वरला अंडी घालत नाही

थंडी पडली की तो मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरू लागतो: 'पाणटिवळा हा पक्षी सैबेरियातून नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर अंडी घालायला येतो, गव्हाची नासाडी करतो, आणि पाणी ओसरलं की उपाशी मरतो, म्हणून धरण काठोकाठ भरून ठेवा.' सोबत घरट्याचा फोटो.

आधी फोटोच नीट बघा. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचे पाय लांबलचक आणि गुलाबी आहेत. हा शेकाट्या; तो उन्हाळ्यात आपल्याकडेच घरटं करतो. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याचे पाय काळपट असतात. तो युरोप-आशियातल्या ओलसर गवताळ कुरणांत जमिनीवरच खळगा करून बहुधा चार अंडी घालतो, तेही एप्रिल-मेच्या सुमारास. नेदरलँड्समध्ये कुरणांतलं पाणी काढून टाकल्यामुळे आणि गवत लवकर कापल्यामुळे त्याची पिल्लं वाचेनाशी झाली आहेत.

गव्हाचं म्हणाल तर, पश्चिम आफ्रिकेत हे पक्षी भातखाचरांत दाणे टिपतात, हे खरं आहे. पण निफाडच्या उभ्या गव्हात ही लांब, सरळ चोच काय करणार? ती चिखलातले किडे, अळ्या, गोगलगायी काढण्यासाठी घडलेली आहे.

पाण्याबद्दलचा दावा मात्र सगळ्यात घातक, कारण तो काळजीच्या भाषेत येतो. धरणाकाठच्या चापडगावच्या बाजूला दुर्बीण लावून दहा मिनिटं बसा. पाणटिवळा पोटापर्यंत पाण्यात शिरतो, चोच बुडापर्यंत चिखलात खुपसतो, कधी कधी तर डोकंसुद्धा पाण्याखाली जातं. त्याच्या चोचीचं फक्त टोक उघडू शकतं, त्यामुळे चिखलात रुतलेल्या चोचीनेही तो किडा पकडतो. पाणी पायांपेक्षा खोल झालं की हे सगळं संपलं. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरच्या या जलाशयात गाळ साचला म्हणून आपण हळहळतो. पण त्याच गाळाने उथळ पाणी, बेटं आणि दलदल तयार केली, आणि 2020 मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. काठोकाठ भरलेल्या धरणात पाणकावळे पोहतील, पाणटिवळ्याला पाय टेकायला जागा उरणार नाही. हिवाळ्यात त्याला उघडा चिखल हवा, आणि तो राखणं आपल्या हातात आहे.

मार्चमध्ये पुन्हा एकदा जा. करड्या छातीवर विटकरी रंग चढू लागलेला दिसेल. तो विणीचा रंग आहे, आणि तो पुरता चढेपर्यंत बहुतेक थवे इथून निघून गेलेले असतात.