‘चित्रं काढून कसला अभ्यास?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळंच टाकतेय.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. या सत्रात एका विषयाला आम्हाला निबंधाऐवजी कॉमिक्स करायचं होतं. शिवाय वर्गातल्या कुणाच्या तरी कॉमिक्सला प्रतिसादही द्यायचा होता, जमल्यास तोही कॉमिक्समधूनच. मला हे सगळं फार आवडलं आणि तसं मी लिहिलं. त्यावर सरांचं म्हणणं असं की ही निबंध टाळायची पळवाट आहे, कॉमिक्सने वाचन बिघडतं हे केव्हाच सिद्ध झालंय, वर्गमित्रांच्या ‘छान छान’मधून कुणी काही शिकत नाही, आणि ज्याला चित्रकला येत नाही त्याच्यावर हा अन्यायच.

पळवाटेचं आधी घेते, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

आम्हाला एका जुन्या संपाबद्दलचा उतारा दिला होता. त्यात एक वाक्य होतं: ‘व्यवस्थापनाने बोलणी नाकारली आणि वातावरण तापले.’ निबंधात हे वाक्य थोडं फिरवून लिहिलं की काम भागतं. मी अशी वाक्यं शाळेपासून फिरवत आलेय आणि त्यावर बरे मार्कही मिळवलेत. पण तेच कॉमिक्सच्या एका चौकटीत काढायला बसले तेव्हा पेन्सिल हलेना. वातावरण तापलं म्हणजे कुठे? फाटकापाशी, की कुणाच्या घरी रात्री जेवताना? व्यवस्थापन म्हणजे टेबलामागचा एक माणूस, की तिघं? नाकारली म्हणजे तोंडावर नाही म्हणाले, की भेटलेच नाहीत? गर्दी काढायची तर तिच्यात बायका आहेत की नाहीत? उताऱ्यात बायकांचा उल्लेखच नव्हता. लिहिताना हा प्रश्न पडत नाही, कारण ‘कामगार’ म्हटलं की सगळे आले. चित्रात मात्र प्रत्येक डोक्याला चेहरा द्यावा लागतो. शेवटी ग्रंथालयात जाऊन त्या काळचे फोटो शोधले. त्यांत बायका होत्या, कडेला का होईना, पण होत्या. मग त्यांना पानावर घेतलं. एका चौकटीसाठी एवढं वाचन मी कुठल्याच निबंधासाठी केलेलं नाही.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट मीच सांगते, कारण ती तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवी होती. ‘बहुधा’, ‘अपवाद वगळता’, ‘असे असले तरी’ या गोष्टी चित्रात काढता येत नाहीत. चित्र ठाम असतं. शंका दाखवायची तर चौकटीत वर कथनाची पट्टी, म्हणजे निवेदकाच्या वाक्याची जागा, टाकावी लागते, आणि पट्ट्या वाढल्या की कॉमिक्स राहत नाही, सचित्र निबंध होतो. बारीक वाद घालायचा असेल तर निबंधाला पर्याय नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर हे उत्तर मी लिहून देतेय!

‘केव्हाच सिद्ध झालंय’ याबद्दल मात्र हात आखडता घेणार नाही. ही समजूत रुजवण्यात फ्रेडरिक वर्थम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे. १९५४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्याने बालगुन्हेगारीपासून वाचनातल्या अडचणींपर्यंत बऱ्याच गोष्टींचं खापर कॉमिक्सवर फोडलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली. पुढे वर्थमची कागदपत्रं अभ्यासकांसाठी खुली झाली. ती तपासून कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिलं की त्याने पुस्तकात दिलेल्या मुलांच्या बोलण्यात फेरफार केले होते आणि गैरसोयीचे तपशील गाळले होते. म्हणजे कॉमिक्स वाचून सगळे विद्वान होतात असं अजिबात नाही. पण ‘सिद्ध’ हा शब्द इथे चालणार नाही.

‘छान छान’ची गंमत अशी की आमच्या बाईंनी पहिल्या फेरीत तो शब्दच बंद केला होता. आवडलं, नाही आवडलं, काही बोलायचं नाही. समोरचं पान मोठ्याने वाचायचं, जसं दिसतं तसं, त्याच क्रमाने. ज्याचं पान आहे त्याने गप्प बसून ऐकायचं.

एका मैत्रिणीच्या पानावर दोन बहिणींचं फोनवरचं बोलणं होतं. दुभागलेली चौकट, डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. धाकटी म्हणते, ‘उद्या मुलाखत आहे आणि मला खूप भीती वाटतेय.’ थोरली म्हणते, ‘मग जाऊ नकोस.’ संवादाचे फुगे दोघींच्या डोक्यावर, एकाच उंचीवर. मी वाचायला लागले आणि अर्थातच डावीकडून सुरुवात केली: ‘मग जाऊ नकोस’, आणि मग धाकटीची भीती. ऐकणाऱ्या सगळ्यांना थोरली एकदम तुसडी वाटली, काही ऐकून न घेताच तोडून टाकणारी. मैत्रिणीला तर ती मायाळू दाखवायची होती. उपाय साधा निघाला. धाकटीचा फुगा वर सरकवला, थोरलीचा खाली आणला. चित्राला हातही लावावा लागला नाही. (मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचतात. तिथे हेच पान पहिल्यापासून बरोबर ठरलं असतं.)

निबंधावर शेरा येतो, ‘मुद्दा स्पष्ट नाही’. कुठे स्पष्ट नाही, ते आपण शोधत बसायचं. इथे वाचणाऱ्याची नजर नेमकी कुठे घसरली ते बोट ठेवून दाखवता येतं.

त्या पानाला माझा प्रतिसाद म्हणून मी तोच फोन थोरलीच्या बाजूने काढला. मूळ पानात तिच्या मागे काहीच नव्हतं, कोरी जागा. मी तिला फोन खांद्याशी दाबून मुलाची वही तपासताना दाखवली. शब्द तेच ठेवले, ‘मग जाऊ नकोस’, पण आता ते अर्धं लक्ष वहीत असलेल्या बाईचे झाले. मैत्रीण म्हणाली, थोरली त्या वेळी कुठे आहे याचा मी विचारच केला नव्हता. मग तिने स्वतःच्या पानात एक चौकट वाढवली. माझी वही तिने घेतली नाही, तिथे रेल्वेचा फलाट आणला. तो जास्त चांगला आहे, हे जरा नाइलाजाने कबूल करते.

अक्षरांचंही सांगायचं राहिलं. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक सगळं कॅपिटलमध्ये असतं, ओळी सपाट बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणून आधी मजकूर लिहायचा, त्याला जागा द्यायची, फुगा आखायचा आणि मग माणसं काढायची. उलट केलं की फुगा नायकाच्या कपाळावर येतो. जागा कमी म्हटल्यावर वाक्यंही कापावी लागतात. भाषेचा अभ्यास आणखी वेगळा काय असतो?

मार्क चित्राला नव्हते. पानासोबत एक टिपण द्यायचं होतं, कुठली चौकट का ठेवली आणि कुठली का काढली याचं. म्हणजे लिहिण्यातून सुटका झालीच नाही.

राहिला चित्रकलेचा प्रश्न. कॉमिक्सच्या आद्य निर्मात्यांत ज्याचं नाव घेतात तो रोडॉल्फ टॉपफर तुमच्यासारखाच शिक्षक होता. डोळे अधू, म्हणून चित्रकार व्हायचं सोडावं लागलं. मग जिनिव्हात वसतिगृहाची शाळा चालवताना १८२७च्या सुमारास तो विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी चित्रकथा काढू लागला. रेषा थरथरती, घाईची. जर्मन कवी गटेसारख्या माणसाने त्या चित्रकथा वाखाणल्या. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर ‘एक्सकेसीडी’ हे वेबकॉमिक २००५ पासून काड्यांच्या माणसांवर चाललंय. आमच्या वर्गातही एकाची माणसं काड्यांचीच होती, पण कोण दाराच्या आत आणि कोण बाहेर एवढ्यावर त्याने अख्खं भांडण उभं केलं.

तुम्ही पानं बघायला मागितलीत. संपाचं पान या आठवड्यात स्कॅन करून टाकते. बहिणींचं पान मैत्रिणीचं आहे, तिला विचारून सांगते.