चमच्यातलं क्रोम व्हील कॅपवर चढत नाही, काका

'प्लेटिंगवाले तुम्हाला लुटतात! जुन्या गाडीच्या व्हील कॅप घरच्या घरी शोरूमसारख्या करा' अशा मथळ्याचा मेसेज सध्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. (प्लेटिंग म्हणजे करंट सोडून धातूचा मुलामा चढवणं, आणि व्हील कॅप म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारं चकचकीत झाकण.) फिरेना का, म्हणून मी सोडून दिला होता. पण आता तो आमच्या काकांपर्यंत पोहोचलाय. काकांची फियाट डिलाइट गोरेगावात सोसायटीच्या आवारात उभी असते, आणि त्यांनी फोन करून मला विचारलं, "तुझ्याकडे मोबाइलचा जुना चार्जर पडलाय का रे?" म्हणजे आता लिहिणं आलंच.

मेसेजचं म्हणणं असं: गंजलेली कॅप संडास धुवायच्या ॲसिडमध्ये रात्रभर बुडवा. मग कोकमध्ये भिजवलेल्या फॉइलने घासा. मग मिठाच्या पाण्यात चार्जरच्या एका तारेला स्टीलचा चमचा आणि दुसरीला कॅप बांधून करंट सोडा; पाणी पिवळं-हिरवं झालं की क्रोम चढलं असं समजा आणि पाणी मोरीत ओता. शेवटी क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारा, जन्मात गंज येणार नाही. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक दावा: गंज थोपवतं ते क्रोम, त्याच्याखाली दिले जाणारे निकेल आणि तांब्याचे थर ही बिल फुगवायची निमित्तं.

आधी चमचा, कारण बाकीच्या उपायांत फार तर कॅप जाईल.

स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं हे खरं. ३०४ या नेहमीच्या प्रतीत ते साधारण १८ टक्के असतं. करंट सोडला की चमचा झिजतो हेही खरं. पण झिजलेलं क्रोमियम मिठाच्या पाण्यातून कॅपवर जाऊन बसत नाही. कॅपवर नुसते हायड्रोजनचे बुडबुडे येतात. प्लेटिंगच्या खऱ्या टाकीतसुद्धा क्रोमियमचा तुकडा टांगलेला नसतो. तिथे शिशाच्या मिश्रधातूच्या पट्ट्या असतात आणि धातू येतो तो द्रावणातून. नेहमीच्या द्रावणात लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं सल्फ्युरिक ॲसिड असतं, तापमान ४०–४५ अंश. दर चौरस डेसिमीटरला (१० बाय १० सेंटिमीटरच्या चौकोनाला) १० ते २० अँपिअर करंट लागतो. कॅप २० सेंटिमीटर व्यासाची धरली तर तिची नुसती दर्शनी बाजू तीन चौरस डेसिमीटरच्या वर जाते, म्हणजे ३० ते ६० अँपिअर. काका माझ्याकडे मागतायत तो चार्जर दोन अँपिअरचा आहे.

आता ते पिवळं पाणी. मेसेज लिहिणाऱ्याला त्यात यश दिसलं. क्रोमेटचा रंग पिवळा असतो, आणि क्रोमेट म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, क्रोमियमचं विषारी रूप. स्टेनलेस स्टीलमधून असा करंट सोडला की ते तयार होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची संयुगं पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. हा निष्कर्ष उंदरांवरच्या प्रयोगांतून ओढूनताणून काढलेला नाही. क्रोमेट बनवणारे, क्रोमेटचे रंग बनवणारे आणि क्रोम प्लेटिंग करणारे कामगार, यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या नोंदी त्यामागे आहेत. प्लेटिंगच्या टाकीवर धुकं ओढून घेणारे पंखे असतात, सांडपाण्यातलं क्रोमियम बेअसर करून गाळूनच बाहेर सोडायचं असतं, ते याचसाठी. (प्रत्येक गाळ्यात ते होतं, असं माझं म्हणणं नाही.) आणि हा बहाद्दर सांगतो, पाणी मोरीत ओता. त्यात मिठाच्या पाण्यातून क्लोरीनही सुटतो. जिथे काकू भांडी घासतात तिथे हे चालायचं!

मेसेजमधला 'आधी-नंतर'चा फोटो मात्र खरा असू शकतो, हे नाइलाजाने मान्य करतो. करंट सोडल्यावर कॅपवरचे बुडबुडे गंज सुटा करतात. गंज काढायची ही जुनी, चालणारी पद्धत आहे. पण त्यात मीठ नको, धुण्याचा सोडा हवा; चमच्याच्या जागी साधं लोखंड हवं; आणि काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करायला हवं, कारण हायड्रोजन पेट घेतो. निघालेला गंज म्हणजे चढलेलं क्रोम नव्हे, एवढंच.

ॲसिडचं उत्तर सोपं आहे. संडास साफ करायच्या पातळ द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच ॲसिड वापरतात. म्हणजे जे वाचवायचं तेच रात्रभरात विरघळून जाणार. शिवाय जुन्या गाडीवरचं सगळंच चकचकीत सामान लोखंडी नसतं. लोहचुंबक लावून बघा. चांगला चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर पितळ, ॲल्युमिनियम, स्टेनलेस किंवा मझाक. मझाक म्हणजे मुख्यतः जस्त, आणि जस्त ॲसिडमध्ये फसफसून खड्डे पडतात. असा नग पुन्हा मिळवायला चोर बाजार पालथा घालावा लागतो, आणि मिळाला तरी तोही तसाच खड्ड्याखड्ड्यांचा निघतो.

निकेलचा मुद्दा तर उफराटाच आहे. शोभेच्या कामात क्रोमचा थर साधारण ०.३ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो कडक असतो, चमक टिकवतो, त्याची निळसर झाक डोळ्यांना बरी वाटते. पण त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि चिरा असतात. पाणी आणि खारी हवा तिथून खाली उतरते. तिला थोपवतं ते निकेल. उघड्यावर राहणाऱ्या लोखंडी सामानाला ते २० ते ४० मायक्रॉन लागतं, म्हणजे क्रोमच्या शंभरपट जाड. चांगल्या कामात निकेलचे दोन थर असतात, खाली सेमी-ब्राइट आणि वर ब्राइट. गंजायची वेळ आली की वरचा थर आडवा झिजतो आणि खालचा वाचतो. तांबं प्रामुख्याने खड्डे भरून बफिंगला, म्हणजे घासून चकाकी आणायला, गुळगुळीत पाया देतं. मझाकवर मात्र ते लागतंच, नाहीतर निकेलच्या टाकीत जस्तच विरघळायला लागतं. मुंबईत काही गाळ्यांत निकेलचा नुसता हात फिरवून वर क्रोम मारतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तपकिरी ठिपके उगवतात. लुटतात म्हणायचं तर ते तिथे, आणि ते निकेल वाचवून. काम टाकताना 'क्रोम करून द्या' एवढंच म्हणू नका. निकेल किती मायक्रॉन देणार ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

फॉइल चालते. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असल्याने ओरखडा न पाडता वरवरचा गंज निघतो. साधं पाणी पुरे, कोक प्या. मात्र छिद्राखालचं लोखंड तसंच राहतं, म्हणून घासल्यावर कोरडं करून वॅक्स लावा, नाहीतर ठिपका परत त्याच जागी येतो.

लॅकर गुळगुळीत क्रोमला नीट धरत नाही. चाकाला खडे लागतात, टवका उडतो, तिथून पाणी आत शिरून पापुद्र्याखाली पसरतं. वर लॅकर पिवळं पडतं ते वेगळंच. पॉलिश केलेल्या पितळेवर लॅकर मारा, क्रोमवर नको. रंगाची हौस असेल तर ती कॅपच्या मागच्या बाजूला भागवा. खोलगट भागात प्लेटिंग पोहोचत नाही, चिखल तिथेच साठतो, आणि बहुतेक कॅप आतूनच कुजायला लागतात. मागची बाजू घासून, प्रायमर मारून, वर इनॅमल दिलं तर चार पैशांत काम होतं. क्लिपा बसतात ती जागा तेवढी सोडायची.

काकांना चार्जर मिळणार नाही. प्रायमरचा डबा मी आणून देतो, असं कळवलंय.